करवंदीचे जिवंत कुंपण

किनवट तालुक्यात शेताच्या बांधावर बोराटी व बाभळीच्या वाळक्या काट्यांचे कुंपण घालण्याची वहिवाट जुनी आहे. हे काटे वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडतात आणि नव्या कुंपणासाठी रानात पुन्हा कुऱ्हाड चालते. वस्तुतः याहून टिकाऊ कुंपण त्याच रानात उभे असते. ते म्हणजे करवंदीची जाळी होय.

उन्हाळ्यात सागवान निष्पर्ण होते, तेव्हाही करवंदी हिरवीगार असते. तिची पाने जाड व चकचकीत असून फांद्यांवर जोडीजोडीने टणक काटे येतात. फांदी मोडल्यास पांढरा चीक निघतो. त्यामुळे गुरे तिच्या वाटेस सहसा जात नाहीत.

रान उघडे पडले असता तितर, ससा व मुंगूस यांना अशा जाळीतच आडोसा मिळतो. पांढऱ्या सुवासिक फुलांवर मधमाश्या व पतंग येतात. वैशाख-ज्येष्ठात पिकलेली काळी करवंदे बुलबुल, साळुंकी व कोकीळ आवडीने खातात. अस्वलासही ती प्रिय आहेत. बुलबुल आपल्या पिलांना कीटक भरवितो, मुंगूस उंदीर मारतो. तेव्हा ही वस्ती शेताशेजारी असणे शेतकऱ्याच्या हिताचेच आहे.

पिकलेल्या फळांतील बी धुऊन, सावलीत सुकवून लगेच पेरावे. शिळे बी बहुधा उगवत नाही. रोपे वर्षाची झाल्यावर पावसाळ्याच्या आरंभी सुमारे ६० सें.मी. अंतरावर लावावीत. दोन ओळी एकाआड एक लावल्यास जाळी दाट होते. मुरमाड, हलकी जमीन चालते. पाणी साचणारी काळी जमीन मात्र टाळावी. रानातील झुडपे उपटून आणू नयेत. ती क्वचितच जगतात, आणि पैनगंगा अभयारण्यात तसे करणे गुन्हा आहे. आरंभीची दोन-तीन वर्षे वाढ मंद असते. तेवढ्यापुरते बांधावर वाळके काटे राहू द्यावेत. फळांचा हंगाम संपताच शेंड्यांची छाटणी करावी, बुंध्याजवळच्या फांद्या मात्र राखाव्यात. तेथे फट राहिल्यास कुंपण निरुपयोगी ठरते.

रोही व रानडुकरांचा उपद्रव या कुंपणाने समूळ थांबेल, असे ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास कदापि सांगू नये. रोही उंच उडी घेते आणि डुक्कर विरळ जागा शोधून काढते. पिकाच्या ऐन दिवसांत राखण करावीच लागेल. मोकाट गुरांना मात्र दाट जाळी चांगली अडविते. शिवाय कच्च्या करवंदांचे लोणचे घरात येते, आणि उरलेली फळे बाजारात विकता येतात.