गाडी जुनाट, टाकी पुढारलेली

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या पंपावर दुचाकीत आज जे पेट्रोल पडतं, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. मराठवाड्यातले साखर कारखानेही मळीपासून ते काढतात. आणि तंत्रज्ञानाचा डंका पिटणारी फॉर्म्युला वन मोटारशर्यत? ती २०२२मध्ये कुठे १० टक्क्यांवर आली.

अमेरिकेची नॅसकार ही मोटारशर्यत २०११मध्येच १५ टक्क्यांवर गेली होती. तीच नॅसकार, जिला युरोपातले शौकीन जुनाट म्हणून हिणवतात! त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. फॉर्म्युला वनची गाडी १.६ लिटरच्या टर्बो इंजिनावर धावते, ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवते. नॅसकारच्या बॉनेटखाली ५.८ लिटरच्या वरचं व्ही-८ इंजिन, तेही जुन्या पुशरॉड पद्धतीचं. चाकाला पाच नट होते. एकच नट आला २०२२मध्ये. इंधन फवारणारी यंत्रणा आली २०१२त. म्हणजे इथेनॉलचा पहिला हंगाम या गाड्यांनी चक्क कार्ब्युरेटरवर काढला.

हे सोपं नव्हतं. इथेनॉलचा ऑक्टेन वरचा, त्यामुळे दाब वाढवला तरी इंजिन ठोकत नाही. पण लिटरमागे त्यात ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. कार्ब्युरेटर असेल तर त्यातल्या इंधन सोडणाऱ्या जेटचं भोक वाढवावं लागतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या आणि सील खराब करतं. आपल्याकडे २०२०च्या बीएस-६ नियमांआधीच्या बहुतेक दुचाक्या कार्ब्युरेटरवाल्या. गॅरेजमधल्या मिस्त्रीपुढचा प्रश्न आणि नॅसकारच्या मेकॅनिकपुढचा प्रश्न एकाच जातीचा.

फरक कच्च्या मालात आहे. नॅसकारचं इथेनॉल मक्याचं, आपलं बरंचसं उसाचं, आणि ऊस पाणी पितो. २०१६त मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा लोकांनी बोट उसाकडेच दाखवलं होतं. टक्केवारीचं कौतुक करताना हा हिशेब सोयीस्कर विसरला जातो.

कच्चा माल शर्यतींतही बदलतोय. २०२६पासून फॉर्म्युला वननं खनिज इंधन बाद केलं. आता टाकीत टाकाऊ पदार्थ, अखाद्य वनस्पती किंवा हवेतला कार्बन यांपासूनचं इंधन. अमेरिकेच्याच इंडिकार शर्यतींमध्ये २०२३पासून उसाच्या टाकाऊ भागापासून काढलेलं इथेनॉल वापरलं जातं. आपल्या कारखान्यांत असा टाकाऊ भाग, म्हणजे उसाचं चिपाड, अजून मुख्यतः बॉयलरमध्ये जातं, त्यावर वीज होते.