चिनी नक्षी आणि ओवेन जोन्स

भाषेप्रमाणें नक्षीलाहि व्याकरण असतें, हें युरोपला पटवून देणाऱ्यांत ओवेन जोन्स ह्या इंग्रज वास्तुविशारदाचें नांव अग्रभागीं आहे. १८५६ सालीं निघालेल्या त्याच्या 'द ग्रामर ऑफ ऑर्नामेंट' ह्या ग्रंथांत नाना देशांच्या नक्षीचे रंगीत नमुने आहेत. हिंदी कारागिरांची त्यानें मनापासून वाखाणणी केली; चिनी लोकांना मात्र कल्पकता नाहीं, असा निकाल दिला. आणि अवघ्या अकरा वर्षांनीं, १८६७ सालीं, ह्याच गृहस्थानें केवळ चिनी नक्षीला वाहिलेला शंभर चित्रपृष्ठांचा ग्रंथ काढला!

हा मतपालट झाला कसा? उत्तर सुखावह नाहीं. तोंवर इंग्लंडांत येणारा चिनी माल बहुतेक परदेशी गिऱ्हाइकांच्या आवडीबरहुकूम बनविलेला असे. १८६० च्या ऑक्टोबरांत इंग्रज व फ्रेंच फौजांनीं पेकिंगजवळील युआनमिंगयुआन हा बादशाही उद्यानप्रासाद लुटला, आणि लॉर्ड एल्गिनच्या हुकुमानें तो जाळण्यांत आला. त्याच सुमारास ताइपिंग बंडानें चीनमधील शहरें व देवळें उद्ध्वस्त होत होतीं. ह्या धुमाळींतून उत्तमोत्तम वस्तू युरोपांत आल्या, हें जोन्स आपल्या प्रस्तावनेंत स्वतःच सांगतो. तें सांगतांना त्याची लेखणी अडखळलेली मात्र दिसत नाहीं.

त्याला मोहिनी घातली ती चिनी मातीच्या भांड्यांनीं आणि धातूवरील मीनाकामानें. भांड्याच्या पृष्ठावर बारीक तारेनें आकृति बांधावयाची, तारांमधील घरांत रंगीत कांचेची भुकटी भरावयाची, भट्टींत भाजावयाचें आणि मग घासून गुळगुळीत करावयाचें. निळ्या जमिनीवर कमळांची वेल दिसूं लागते. (कमळाला चीनमध्यें एवढा मान मिळाला तो बौद्ध धर्मामुळें, हें आपल्या श्रोत्यांना ऐकावयास आवडेल.) ही वेल नीट पाहावी. मोठीं फुलें जणूं त्रिकोणाच्या टोकांवर बसविलेलीं असतात; देठ एका फुलाभोवतीं वळसा घेऊन दुसऱ्याकडे जातो; उरलेली जागा पानांनीं आणि कळ्यांनीं भरते. आंखणी इतकी काटेकोर, तरी वेल आपोआप वाढल्यासारखी वाटते.

जोन्सच्या चित्रपृष्ठांवर भांड्यांवरून उचललेली नक्षी तेवढी आहे. रेषा आणि रंग ह्यांपलीकडे त्याचा शोध फारसा गेला नाहीं, आणि ही उणीव लहान नव्हे. कारण चिनी नक्षींत श्लेष फार. आपल्याकडे घरांत वटवाघूळ शिरलें कीं अपशकुन मानतात. चिनी भाषेंत वटवाघळाच्या नांवांत 'फू' हा उच्चार येतो, आणि सौभाग्याच्या शब्दाचाहि उच्चार 'फू'. म्हणून बादशाही वस्त्रांवर आणि भांड्यांवर वटवाघळें उडतात. पांच काढलीं तर दीर्घायुष्य, संपत्ति, आरोग्य, सदाचार आणि सुखाचें मरण हीं पांचहि सुखें आलीं. मासा म्हणजे 'यू', आणि 'यू' म्हणजे विपुलताहि. ज्याला हे श्लेष ठाऊक होते तो थाळी नुसती पाहत नसे, वाचीत असे. जोन्सचीं पानें उघडून बसलेल्या युरोपीय नक्षीकाराला त्यांत दिसली ती केवळ सुबक वेलबुट्टी.