लाल पानांचं झाड हवंय? मग हे वाचा

हॉस्टेलसमोरच्या रिकाम्या जागेत कुठलं झाड लावायचं, यावर सध्या मेसमध्ये जोरदार चर्चा चालू आहे. अर्ध्या पब्लिकचं मत एकच, एमएसला गेलेले सीनियर्स फोटो पाठवतात तसं लाल डॉगवूड आणा! कल्पना झकास, पण आधी तो रंग येतो कुठून ते बघू.

डॉगवूड हे पूर्व अमेरिकेतलं, साधारण २०-३० फुटी झाड. तिकडे सप्टेंबरनंतर दिवस लहान होतात, रात्री गारठतात. पानं गाळायच्या आधी झाड त्यांतलं हरितद्रव्य मोडून नायट्रोजन फांद्यांत परत ओढून घेतं. हिरवा गेला की पानात आधीपासून दडलेला पिवळा दिसू लागतो. लाल अँथोसायनिन मात्र तेव्हाच, पानात साठलेल्या साखरेच्या जोरावर नव्यानं तयार होतं. त्याला ऊन लागतं. म्हणून तिथले लोकही जागा बघून झाड लावतात : दाट सावलीत रंग फिका पडतो, तर कडक दुपारच्या उन्हात पानांच्या कडा करपतात. सकाळचं ऊन मिळेल अशी जागा उत्तम.

आपल्याकडे अडचण थंडीची. डॉगवूडला हिवाळ्यात जी लांब, गार झोप लागते ती इथं मिळणार नाही. तेव्हा हा उमेदवार बाद!

मग आपले गडी कोण?

देशी बदाम : गळण्याआधी पानं खरोखर लालभडक होतात. वाढतोही भराभर. पण पसारा मोठा, आणि पानं एवढी मोठी की गच्चीवरचे पाइप तुंबलेच म्हणून समजा. इमारतीपासून लांबच बरा.

पिंपळ : कोवळी पानं तांबूस, देखणी. पण मुळं भिंतीत शिरतात. सिव्हिलवाल्यांना विचारा!

कोशिंब : माझं मत याला. सह्याद्रीतलं आपलं झाड. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास नवी पालवी फुटते ती लालबुंद. म्हणजे तिकडे जाणारं पान लाल, इकडे येणारं! कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरतं भरलेलं नसतं, म्हणून अँथोसायनिन उठून दिसतं. पान जून झालं की हिरवं, आणि ऐन मे महिन्यात गार सावली.

तोटा एकच, कोशिंब सावकाश वाढतो. आज लावला तर त्याच्या सावलीत आपण नाही, कुठल्या तरी पुढच्या बॅचची पोरं बसतील. सबमिशनच्या फायली आपण त्यांच्यासाठी ठेवून जातोच, मग झाड का नको? पाऊस जरा मुरला की खड्डा घेऊ. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, तेवढं आत्ताच ठरवा.