परसातील संगीत

ब्राझील देशातील रिओ-द-जानेरो शहराच्या उत्तर भागात रामोस नावाची वस्ती आहे. तेथे १९६१ साली कार्निव्हलच्या उत्सवासाठी 'कासीकी दि रामोस' हे मंडळ स्थापन झाले. मंडळाच्या अंगणात चिंचेचे झाड होते, अगदी आपल्याकडील चिंचच! दर बुधवारी तिच्या सावलीत मित्रमंडळी जमत आणि खाणेपिणे आटोपले की सांबा गाऊ लागत.

सांबा हे ब्राझीलचे लाडके संगीत. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांनी ते वाढविले. कार्निव्हलच्या मिरवणुकीत शेकडो वादक काठ्यांनी ढोल बडवितात. तो गजर रस्त्यावरच शोभतो. पण दहाबारा जण मेजाभोवती बसून गाऊ लागले, की त्या ढोलांत गाण्याचे शब्दच बुडून जातात. मग करावे काय?

उबिरानी यांनी काठी टाकून दिली. मिरवणुकीतील एका लहान ढोलाची खालची पुडी काढून ते तो मांडीवर घेऊन हातांनी वाजवू लागले. सेरेनो यांनी मोठ्या ढोलाऐवजी 'तांतां' नावाचे लांबट वाद्य आणले. त्याच्या पुडीवर एका हाताने घुमारा काढावयाचा आणि दुसऱ्या हाताने वाद्याच्या अंगावर ठेका धरावयाचा. तंतुवाद्याची अडचण मात्र नेमकी उलटी होती. 'काव्हाकिन्यो' हे गिटारीचे चार तारांचे धाकटे भावंड. त्याचा नाजूक आवाज उघड्यावर विरून जाई. तेव्हा आल्मिर गिनेतो यांनी ठणठणीत आवाजाच्या बँजोला काव्हाकिन्योप्रमाणे चार तारा चढविल्या. जाणत्या शास्त्रज्ञाला शोभेल अशीच ही युक्ती!

प्रसिद्ध गायिका बेथ कार्व्हाल्यो यांनी हे गाणे त्या अंगणातच ऐकले आणि १९७८ साली आपल्या ध्वनिमुद्रिकेसाठी या वादकांना बोलाविले. १९८० साली त्यांची स्वतःची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. संचाचे नाव 'फुंदो दि किंताल', म्हणजे घरामागचे परस. लवकरच गिनेतो आणि जॉर्जी आरागांव संच सोडून गेले, तेव्हा आर्लिंदो क्रूझ यांच्यासारखे नवे गायक-वादक आले. माणसे बदलत राहिली, पण परसातली बैठक मोडली नाही.

उबिरानी २०२० साली वारले. खंजिरी वाजविणारे त्यांचे वडील बंधू बिरा २०२५ साली निवर्तले. चिंचेखाली जन्मलेला तो हातढोल मात्र आता कारखान्यांत तयार होतो आणि दुकानांत विकत मिळतो.