दोन पदरी रस्त्यावरून तासाला किती गाड्या?

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. वऱ्हाडाला अभिमान वाटावा असेच हे काम. पण शहरात शिरल्यावर रस्त्याची क्षमता डांबर ठरवत नाही.

मग कोण ठरवते? रस्त्याच्या कडेला काय चालते ते.

इंडियन रोड्स काँग्रेसची 1990 सालची मार्गदर्शिका सांगते, की दोन पदरी दुतर्फा रस्त्यावर कडेची दुकाने, उभ्या गाड्या आणि आडवी वर्दळ नसेल, तर तासाला 1,500 ‘मोटार-एकके’ धरावीत. हे सगळे असेल, तर 900. रुंदी तीच!

एक मोटार म्हणजे एक एकक. एखाद्या प्रकारच्या वाहनांचा रहदारीतला वाटा दहा टक्क्यांवर गेला, की दुचाकी पाऊण, ऑटो दोन, हातगाडी तीन आणि बस किंवा ट्रक 3.7 एकके मोजतात. हातगाडीचा आकडा तिच्या संथपणामुळे फुगतो. म्हणून तिला हुसकावण्यापेक्षा बाजाराच्या रस्त्यावर हक्काची जागा आखून देणे शहाणपणाचे.

अमरावतीत जवाहर गेटच्या आतले जुने शहर परकोटाच्या मापाने वाढले. तिथे मुख्य मार्ग काढायचा हट्टच नको. अकोल्यात मोर्णा नदी जुने आणि नवे शहर वेगळे करते. गल्लीतली दुचाकी आणि लांबची बस अखेर पुलांवरच एकत्र येतात. तिथली गर्दीच्या तासातली मोजणी रुंदीकरणाच्या आराखड्याआधी व्हायला हवी.