ढेकरातून जाणारा चारा आणि तो अडवणारी लस



दुपारच्या वेळी झाडाखाली बसून गाय रवंथ करते आणि मधूनच ढेकर देते. त्या ढेकराबरोबर मिथेन नावाचा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, म्हणून तो आपल्या ध्यानात येत नाही. पण गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच हा वायू, बरं का! म्हणजे हे एक जळणच झाले. आणि ते येते कोठून? तुम्ही घातलेल्या वैरणीतून. वैरणीतल्या ताकदीचे शंभरातले २ ते १२ भाग असे वाऱ्यावर जातात. ते दुधात उतरत नाहीत की जनावराच्या अंगी लागत नाहीत. शिवाय हा वायू हवेत सुमारे १२ वर्षे टिकतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा तो २७-२८ पट अधिक उष्णता कोंडून ठेवतो. आपल्या देशात २०१९ च्या पशुगणनेत गाय-बैल १९ कोटींच्या वर आणि म्हशी जवळजवळ ११ कोटी भरल्या. तेव्हा गोष्ट वाटते तेवढी लहान नाही.

न्यूझीलंडमध्ये तर हा प्रश्न पार संसदेच्या दारात गेला. तिथे माणसांच्या चौपट मेंढरे, आणि गाई-मेंढरे बारमाही कुरणात चरणारी. त्या देशातल्या तापमान वाढवणाऱ्या वायूंपैकी जवळजवळ निम्मे शेती-पशुपालनातून निघतात. २००३ साली सरकारने संशोधनाच्या खर्चासाठी जनावरांमागे कर बसवायचे ठरवले, तेव्हा शेतकरी खवळले. एक खासदार तर ट्रॅक्टर घेऊन संसदेच्या पायऱ्या चढला! कर मागे पडला, पण संशोधन सुरू राहिले.

आता तुम्ही म्हणाल, वैरणीतच काही औषध मिसळले म्हणजे झाले. गोठ्यातल्या जनावराला ते जमते. आपल्याकडेही बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने ‘हरित धारा’ नावाचे असे एक मिश्रण काढले आहे. पण दिवसभर माळावर चरणाऱ्या गुराला रोज औषध कोण चारणार? म्हणून शास्त्रज्ञांनी लसीचा विचार केला. वर्षातून एक-दोनदा टोचले की काम झाले, असे व्हावे हा हेतू.

लस काम कशी करील ते पाहू. वैरण पचवतात ते कोटीपोटातले सूक्ष्म जंतू. पचनात हायड्रोजन सुटतो, आणि तो खाऊन मिथेन करणारी जंतूंची एक वेगळीच जात तिथे राहते. घटसर्पाची लस टोचली की रक्तात रोगाशी झुंजणारी द्रव्ये तयार होतात, हे आपल्याला माहीत आहे. तशीच द्रव्ये या जंतूंविरुद्ध तयार करायची. पण घोडे अडते ते इथेच. जंतू रक्तात नाहीत, कोटीपोटात आहेत. तिथवर ही द्रव्ये पोचवायची वाट म्हणजे लाळ. मोठी गाय दिवसाला १०० लिटरपेक्षाही जास्त लाळ गिळते, तेव्हा वाट चांगली रुंद आहे. मात्र कोटीपोटात पोचल्यावर तिथले इतर जंतू हीच द्रव्ये पचवू लागतात. आणि मिथेन करणाऱ्यांच्याही अनेक जाती. एक दबली की दुसरी तिची जागा घेते.

ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी मेंढ्यांना अशी लस टोचली. २००४ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की खाल्लेल्या चाऱ्याच्या मानाने मिथेन शेकडा ८ च्या आसपास घटला. मग आणखी जाती धरून नवी लस केली, तर तिने काहीच फरक पडला नाही. २०१० साली न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी अशा एका जंतूची सगळी जनुके वाचून काढली. आता सगळ्या जातींमध्ये सारखा असलेला भाग शोधून त्याच्यावरच नेम धरायचा, असे काम चालले आहे. मला ही वाट बरोबर वाटते, पण ती लांबची आहे.

आणि एक सांगून ठेवतो. मिथेन घटला म्हणजे दूध वाढलेच, असे धरू नका. ते अजून सिद्ध व्हायचे आहे. लस आलीच, तर तिचा खर्च कोणी सोसायचा, हा न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांचा प्रश्न आपल्यालाही विचारावा लागेल.

तोवर आपल्या हातात आहे ते करू या. नुसत्या कडब्यावर आणि वाळल्या गवतावर ठेवलेली गाय दूध थोडे देते, त्यामुळे दर लिटर दुधामागे मिथेन जास्त पडतो. कडबा अख्खा न टाकता कुट्टी करून घाला. बांधावर, पाटाकडेला लसूणघास किंवा चवळी करा. पेंड आणि क्षारमिश्रण दुधाच्या मानाने द्या. गाभण न राहणारी गाय वर्षानुवर्षे भाकड पोसण्यापेक्षा वेळीच तपासून घ्या.

मिथेनची लस आज बाजारात कोठेही मिळत नाही. कोणी बाटली घेऊन दारात आलाच, तर पैसे देऊ नका. लाळ्या-खुरकूत, घटसर्प आणि फऱ्याच्या लसी मात्र चुकवू नका. त्यांच्या तारखा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचाराव्यात.