शिंप्याची टेप

माझी कंबर गेली वीस वर्षं चौतीसच आहे, असं मी घरात छातीठोकपणे सांगत असे. गेल्या दिवाळीत जबलपूरच्या राइट टाउनमधल्या आमच्या शिंप्याने माप घेता घेता हसून म्हटलं, “साहब, पहले पैंट पेट के ऊपर बंधती थी, अब नीचे.” पोट वाढलं तसा पट्टा खाली उतरत गेला होता, वहीतला आकडा तेवढा जागचा हलला नव्हता. घरी येऊन बेंबीवरून टेप फिरवली, तर ९८ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाला ९० आणि बाईला ८० ही धोक्याची रेषा मानतात.

लठ्ठपणाने हृदयविकार होतो, हे आता शेंबडं पोरही सांगेल. तो किती आधी गाठतो, हे मला ठाऊक नव्हतं. २००८ साली अमेरिकेत पहिल्यांदाच हृदयविकाराचा झटका आलेल्या १,११,८४७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वजन किलोत आणि उंची मीटरमध्ये घेऊन वजनाला उंचीच्या वर्गाने भागलं की जो आकडा येतो, त्याला बीएमआय म्हणतात. हा आकडा १८.५ किंवा त्याहून कमी असलेल्या काटकुळ्यांना पहिला झटका सरासरी ७४.६ व्या वर्षी आला होता, ४० च्या वर असलेल्यांना ५८.७ व्या वर्षी. सिगारेट, मधुमेह, रक्तदाब यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही, बेताच्या वजनाच्या माणसांपेक्षा थोड्या जाड माणसांचा झटका साडेतीन वर्षं आणि अतिलठ्ठांचा बारा वर्षं अलीकडे आलेला दिसला. अर्थात या साऱ्यांना झटका आलेलाच होता. प्रत्येक जाड माणसाला तो येतोच, असा याचा अर्थ नाही. पण ‘जाडी माणसं झटक्यातून बरी वाचतात’ अशी एक दिलासादायक समजूत असते ना, तिचं मूळ बरंचसं इथेच सापडतं. इस्पितळात आणली जातात तेव्हा ती वयानेच लहान असतात.

पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी स्वस्थ बसत नाही. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्लं थेट यकृतात जातात, रक्तातली ट्रायग्लिसराइड्स वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, रक्तदाब चढतो. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर बसतो, सुजतो, आणि एके दिवशी फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरते. ज्याचं पोट तिशीत सुटलं, त्याच्या धमन्यांना या उद्योगासाठी पंधरा-वीस वर्षं जास्त मिळतात.

आपलं दुखणं आणखी निराळं आहे. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला आढळला, इतरांना ५८.८ व्या. शिवाय बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंबांच्या घेरांचं प्रमाण धोका अधिक नेमका सांगत होतं. याचं सर्वांत मजेशीर उदाहरण पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. दोघांचा बीएमआय हुबेहूब २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! याज्ञिकांच्या मते याची सुरुवात गर्भातच होते. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्रज बाळांपेक्षा बरीच हलकी भरली, पण तूट मुख्यतः स्नायूंत होती, चरबी बरीचशी शाबूत.

जबलपुरात आम्हा मराठी घरांना भोसल्यांच्या काळापासून इथल्या चवी लागल्या आहेत. सकाळी पोहे-जलेबी, सणाला काळी, जड खव्याची जलेबी, वर आपल्या चकल्या आणि करंज्या. पूर्वी हे पचायचं. १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. त्याच रस्त्यावर आता स्कूटर आणि मोटारींच्या रांगा लागतात, जलेबी मात्र तेवढीच तुपाळ राहिली आहे. वजन शेकड्यात पाच-दहाने जरी उतरलं, तरी साखर आणि रक्तदाब बऱ्यापैकी खाली येतात. तोवर छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा चावत बसू नये. झटक्यात हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो.

भाऊबीजेला मी ती टेप फराळाच्या ताटांमधून फिरवली. आमचे मेहुणे ऐसपैस, त्यांचे १०६ निघाले, ते कुणाला नवल वाटलं नाही. मग पुण्याहून आलेला भाचा उभा राहिला. पंचविशीचा, शिडशिडीत, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारा, घरात सगळे ‘काडी’ म्हणतात असा. टी-शर्ट वर केला तर ९३. सगळे हसले. तो हसला नाही. त्याने टेप पुन्हा एकदा, श्वास सोडून, स्वतःच लावून पाहिली आणि हातातली करंजी मुकाट्याने माझ्या ताटात ठेवली.